तीस मीटर खाली: इंदूर ते कदमत

चोवीस वर्षं मी इंदूरच्या एका शाळेत भूगोल शिकवते आहे. दर वर्षी फळ्यावर त्याच तीन आकृत्या काढते. पहिली किनाऱ्याला चिकटलेल्या प्रवाळाची, दुसरी किनाऱ्यापासून सुटून दूर गेलेल्याची, आणि तिसरी, मधलं बेट बुडून नुसतं कंकण उरलेल्याची. त्या कंकणाची बाहेरची बाजू मी खडूने सरळ खाली ओढते, कारण पुस्तकात तशीच असते. ती रेघ पाण्यात कशी दिसत असेल, हा प्रश्न कित्येक वर्षं मनात होता. या २९ जानेवारीला, वयाच्या ५१व्या वर्षी, पाठीवर हवेचा सिलिंडर लावून लक्षद्वीपच्या समुद्रात उतरले, म्हणजे स्कूबा डाइव्ह केली, आणि मी ती पाहून आले. तीन महिन्यांत कुठे कुठे अडकले आणि काय आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, ते लिहून ठेवते आहे. मला इंदुरात विचारायला कोणी मिळालं नव्हतं.

पाण्याची सवय महेश्वरची. सासूबाईंचं माहेर तिथलं, त्यामुळे उन्हाळ्यात घाटावर डुंबणं व्हायचंच. पण नर्मदेत पोहणं वेगळं आणि समुद्राखाली श्वास घेणं वेगळं. डिसेंबर २०२३मध्ये तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन महामंडळाच्या स्कूबा संस्थेत मी पहिला कोर्स केला, ओपन वॉटर. त्यावर १८ मीटरपर्यंत जाता येतं. आधी टाकीत सराव, मग मालवणच्या समुद्रात चार डाइव्ह. शिकवणं मराठीत झालं. परीक्षेइतकं काही कठीण घोकायचं असेल तर ते आपल्या भाषेत किती सोपं जातं, हे त्या आठवड्यात विद्यार्थिनी होऊन पुन्हा अनुभवलं.

पुढची पायरी ॲडव्हान्स्ड. त्यात पाच डाइव्ह असतात. दिशा शोधण्याची आणि खोल पाण्याची या दोन सक्तीच्या, बाकी तीन आपण निवडायच्या. मर्यादा ३० मीटर. ही खोल डाइव्ह मला लक्षद्वीपलाच करायची होती, कारण आमच्या मुलींना मी शिकवते ते कंकणद्वीप आपल्या देशात तिथेच आहे. शिवाय एक मनातली गोष्ट. आमच्या शाळेच्या मैदानाखाली जो काळा पाषाण आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ज्या तप्तस्थळातून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातल्या तापलेल्या जागेतून, तो लाव्हा वर आला, त्याच्यावरून आपला भूपट्ट उत्तरेकडे सरकत राहिला आणि मागे समुद्रात लक्षद्वीप, मालदीव, छागोस अशी रांग उमटत गेली, अशी भूशास्त्रज्ञांची मांडणी आहे. माळव्याची काळी माती आणि ती बेटं एकाच चुलीवरची. हे वर्गात सांगताना दर वेळी माझ्याच अंगावर काटा येतो.

नोव्हेंबर २०२४च्या पहिल्या आठवड्यात कदमत बेटावरच्या एका डाइव्ह केंद्राशी बोलणं झालं. त्यांनी दोन कागद मागितले: डॉक्टरांची सही असलेला वैद्यकीय फॉर्म आणि प्रवेश परवान्यासाठी पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र. लक्षद्वीपला भारतीय पर्यटकालाही परवान्याशिवाय उतरता येत नाही. परवान्याचा अर्ज ते केंद्रच पुढे पाठवणार होतं, कागद मात्र माझे मी जमवायचे.

वैद्यकीय फॉर्म दिसायला साधा. दहा प्रश्न, हो की नाही. दुसराच प्रश्न, वय ४५च्या वर आहे का? हो म्हटलं की आणखी काही प्रश्न उघडतात: धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, घरात कमी वयात हृदयविकार. मला चार वर्षांपासून रक्तदाबाची गोळी आहे. म्हणजे डॉक्टरांची सही लागणारच. क्षणभर मनात आलं, ‘नाही’वर खूण केली तर कोणाला कळणार आहे? तो विचार आला हे लिहून ठेवते, कारण माझ्यासारख्या पुष्कळांच्या मनात येत असेल. पण पाण्याखाली काही झालं तर दाब वाढवून डाइव्हरवर उपचार करतात ते जवळचं चेंबर मुख्य भूमीवर, म्हणजे चारशे किलोमीटर समुद्रापलीकडे. खरं लिहिलं.

पहिल्या डॉक्टरांनी फॉर्म उलटसुलट पाहून परत दिला. ‘यातलं मला काही माहीत नाही, सही करणार नाही,’ म्हणाले. तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं, न वाचता सही करण्यापेक्षा ते बरं. दुसरे हृदयरोगतज्ज्ञ. त्यांच्याकडे जाताना मी एक शहाणपणा केला: फॉर्मबरोबर डॉक्टरांसाठी जी माहिती येते, कोणत्या आजारात काय तपासायचं याची, ती छापून नेली. ते वीस मिनिटं वाचत बसले. मग ईसीजी, ट्रेडमिल चाचणी, कानांसाठी वेगळ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी. ‘चार मजले न थांबता चढता का? सिलिंडर उचलणार कोण?’ असे नेमके प्रश्न विचारले. तीन फेऱ्या, साधारण ४,२०० रुपये, आणि २५ नोव्हेंबरला सही. ते पान छापून न्याच.

पोलीस प्रमाणपत्राने जास्त दमवलं. ११ नोव्हेंबरला अर्ज केला. आठ दिवसांनी कळलं की आमची गल्ली दुसऱ्या थान्याच्या हद्दीत येते. कागद तिकडे गेले. शिपाई घरी येऊन गेला, शेजारच्या काकांची सही घेतली. ते विचारत होते, ‘सूनबाई परदेशी चालली का?’ प्रमाणपत्र आलं ९ डिसेंबरला, आणि त्यात माझ्या नावापुढे नवऱ्याऐवजी वडिलांचं नाव. आधारवर नवऱ्याचं. केंद्राने फोनवर सांगितलं, नाव अक्षरशः जुळलंच पाहिजे, नाहीतर अर्ज परत येतो. पुन्हा अर्ज, पुन्हा खेपा. दुरुस्त कागद १९ डिसेंबरला हातात पडला. त्या दहा दिवसांत दोनदा वाटलं की सोडून द्यावं. शाळेतून घरी येताना थान्यासमोर स्कूटर लावायची, बाकावर बसायचं आणि वह्या तपासायच्या. माझ्या नववी ‘ब’च्या सगळ्या प्रयोगवह्या त्या बाकावर तपासून झाल्या. अर्ज करण्याआधी आधार, प्रमाणपत्र आणि तिकीट या तिन्हींवरचं नाव शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून घ्या. माझे दहा दिवस यातच गेले.

परवाना १३ जानेवारीला आला. गाडी २० तारखेची होती.

इंदूरहून कोचीला थेट गाडी आहे, अहिल्यानगरी एक्सप्रेस, आठवड्यातून एकदा. सोमवारी निघायची आणि बुधवारी सकाळी एर्नाकुलम. लक्षद्वीपच्या विमानतळाच्या बेटावर, आगत्तीला, विमानाने जाता येतं, पण मला खर्च कमी ठेवायचा होता आणि सामान जास्त होतं. थर्ड एसीत दोन रात्री. तिथेच एक चूक झाली, जिची किंमत पुढे मोजली: वरच्या बर्थवर हवा थेट डोक्यावर येत होती आणि मी कान-डोकं न गुंडाळता झोपले. कोचीला उतरले तेव्हा नाकात किंचित सुळसुळत होतं. लक्ष दिलं नाही.

२३ तारखेला वेलिंग्डन बेटावरून जहाज सुटलं. परवाना, आधार, तिकीट तीन ठिकाणी पाहिलं. बंक क्लासमध्ये रात्रभर इंजिनाची घरघर. सकाळी कदमत दिसलं तेव्हा ते बेट वाटलंच नाही, समुद्रावर आडवी ठेवलेली नारळाच्या झाडांची काडी वाटली. लांबी आठ-नऊ किलोमीटर, रुंदी कुठेही सहाशे मीटरसुद्धा नाही. जहाज बाहेरच थांबलं आणि आम्हाला छोट्या होडीत उतरवलं. होडी वर-खाली होत असते आणि खलाशी ‘आता’ म्हणतो तेव्हाच पाय टाकायचा. साडी किंवा सैल ओढणी नको, पाठीवरची पिशवी हवी, दोन्ही हात मोकळे हवेत.

तो शुक्रवार होता, बेट शांत. बेटावर रोख पैसे लागतात, मोबाइलला रेंज असतेच असं नाही, आणि दारू चालत नाही. किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळसुद्धा उचलून आणायचा नाही, तो वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी एक तुकडा न्यावा असं मीही ठरवून गेले होते. फोटो आणले.

२५ला लगूनमध्ये, कंकणाच्या आतल्या उथळ पाण्यात, सरावाची डाइव्ह झाली, पाच मीटर. माझा प्रशिक्षक बेटावरचाच तरुण, माझ्या मुलापेक्षा थोडा मोठा. हिंदी तोडकी पण शब्द नेमके. २६ला सकाळी शाळेच्या मैदानावर झेंडावंदन होतं. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर तिथल्या मॅडमनी मला ओळीत उभं केलं. ‘जन गण मन’ इतक्या जवळ समुद्र ऐकत कधी म्हटलं नव्हतं. दुपारी दिशाशोधाची डाइव्ह, होकायंत्र धरून चौकोन पुरा करायचा. भूगोलाच्या बाईला ती जमली.

२७ तारीख. भिंतीची, म्हणजे कंकणाच्या त्या बाहेरच्या बाजूची, पहिली खेप. नाव कंकणाच्या बाहेर गेली, पाठीवर उलटं पडून पाण्यात उतरलो आणि दोरी धरून खाली जाऊ लागलो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान ‘टक’ करून मोकळे होतात. दर अर्ध्या-पाऊण मीटरला हे करायचं, दुखायच्या आधी. चार मीटरवर उजवा कान झाला, डावा नाही. थोडं वर आले, पुन्हा प्रयत्न. सहा मीटर, पुन्हा अडलं. सात मीटरवर डाव्या कानात कोणी दाभण टोचतंय असं वाटलं. खाली प्रवाळाचा माथा दिसत होता आणि त्याच्या पलीकडे एकदम गडद निळं काहीतरी. भिंतीची कड तीच. दहा-बारा मीटर लांब असेल. सोबतचे दोघे तिकडे वळलेसुद्धा.

जोर लावून फुंकलं तर उघडेल, ही ओढ तेव्हा फार होते. तीन महिने, त्या बाकावरच्या वह्या, रजेचा अर्ज, सगळं डोळ्यांसमोर येतं. मी कानाकडे बोट दाखवलं, तळहात हलवून ‘ठीक नाही’ केलं आणि अंगठा वर केला. पाण्यात अंगठा म्हणजे ‘वर जायचं’. प्रशिक्षकाने एकही प्रश्न विचारला नाही. तोही अंगठा दाखवून माझ्याबरोबर वर आला, आणि सोबतचे दोघे त्यांच्या मार्गदर्शकाबरोबर पुढे गेले. जबरदस्तीने फुंकून कानाचा पडदा किंवा आतला कान दुखावला असता तर डाइव्हच काय, ऐकणंही गेलं असतं. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण वर येताना डोळ्यांत पाणी होतं, मास्कच्या आत.

नावेवर तासभर बसून राहिले. नावाडी साठीचे असतील. इंदूर कुठे, समुद्र तिथून किती लांब, असं विचारत होते. मग स्वतःहून सांगू लागले की गेल्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं होतं की माथ्यावरचा प्रवाळ पांढरा पडला. २०२४च्या त्या उष्णतेच्या लाटेबद्दल मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. त्यांनी हात बुडवून दाखवला: ‘असं पाणी नाही, चहासारखं.’ प्रवाळाच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवालं त्याला रंग आणि अन्न देतात. पाणी फार तापलं की प्रवाळ त्यांना बाहेर टाकतो, आणि ती परतली नाहीत तर उपाशी मरतो. हे मी शिकवते. ज्याच्या दारात ते घडलं, त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

बंद नाक उघडायची गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी उतरावं का, असं विचारलं तर प्रशिक्षक ठाम नाही म्हणाला. गोळीचा असर खालीच उतरला तर वर येताना हवा कानात अडकते, आणि वर न येण्याचा पर्याय नसतो. त्याऐवजी वाफ, मिठाचं पाणी, विश्रांती. ‘मॅडम, २९ला सकाळी कान सांगेल.’ २८ तारीख मी खोलीत वाफ घेत, पुस्तक वाचत काढली. जहाज ३१चं होतं. म्हणून सांगते, प्रवासात किमान दोन दिवस रिकामे ठेवा. माझ्याकडे ते नसते तर हा अनुभव सात मीटरवरच संपला असता.

२९ला सकाळी किनाऱ्यावर फुंकून पाहिलं, दोन्ही कान टक टक. नावेत उजळणी झाली. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे तीस मीटरवर चौपट दाब आणि सिलिंडरातली हवाही वरच्यापेक्षा चौपट वेगाने संपते. सिलिंडरातल्या हवेचा दाब बारमध्ये मोजतात, तो २०० बार होता. १००वर परत फिरायचं, ५० बार शिल्लक ठेवून वर यायचं. तळाशी जास्तीत जास्त दहा मिनिटं. मग प्रशिक्षकाने पाटी दिली आणि सतराचा पाढा लिहायला सांगितलं. बावीस सेकंद. ‘खाली पुन्हा लिहायचा.’

उतरायला साडेचार मिनिटं घेतली, घाई अजिबात नाही. आठ मीटरवर माथा. तिथे मेलेल्या प्रवाळावर करडं शेवाळ चढलेलं होतं, मधेच कुठे तळहाताएवढी नवी जिवंत फांदी. नावाडीकाका म्हणाले ते खरं होतं. आणि मग माथा संपला.

मी खडूने ओढते ती रेघ सरळ असते. ही सरळ नव्हती. कपाऱ्या, पुढे आलेले छज्जे, त्यांच्या खाली काळोख, आणि भिंतीतून आडवे बाहेर आलेले पंख्यासारखे प्रवाळ, काही माझ्या हाताच्या वावेएवढे. डावीकडे काहीच नव्हतं, नुसतं निळं. खाली पाहिलं तर तेच निळं दाट होत काळसर झालेलं. पोटात गोळा आला. मला आधीच सांगून ठेवलं होतं: तळ शोधू नका, भिंत उजव्या खांद्याला ठेवा, दर मिनिटाला खोली आणि वेळ दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर पाहा. मी भिंतीतल्या एका छोट्या नारिंगी स्पंजकडे बघत तीन लांब श्वास घेतले आणि गोळा विरला.

डार्विनने १८४२मध्ये मांडलं की ज्वालामुखी बेट हळूहळू बुडतं आणि प्रवाळ तितक्याच वेगाने वर वाढत राहतो. १९५२मध्ये पॅसिफिकमधल्या एनेवेटाक कंकणद्वीपावर भोक पाडलं तेव्हा १,२०० मीटरहून जास्त चुनखडीखाली खरोखर काळा पाषाण लागला. माझ्यासमोर भिंतीचे जेमतेम बावीस मीटर होते. तरी हात न लावता, वीतभर अंतरावरून पाहताना वाटलं, इतक्या लहान जिवांनी हे एकावर एक रचलं आहे.

निघताना सासूबाईंनी खजराण्याच्या गणपतीचा तांबडा धागा मनगटाला बांधला होता. पंधरा मीटरवर तो तपकिरी दिसू लागला, अठ्ठावीसवर पार काळपट. पाणी लाल प्रकाश सगळ्यात आधी शोषून घेतं. प्रशिक्षकाने त्यावर विजेरी धरली आणि धागा भडक तांबडा झाला. तोच झोत भिंतीवर फिरवला तर करडी वाटणारी भिंत कुंकवासारखी लाल, पिवळी, जांभळी. ते रंग तिथे रोज असतात, अंधारात. त्या क्षणी मला जे वाटलं त्याला शब्द नाहीत माझ्याकडे.

३० मीटर. झाकण लावून आणलेली पाण्याची रिकामी बाटली चेपून मुठीत मावेल एवढी झाली होती. पाटी आली. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस... लिहीत गेले. मला स्वतःला अगदी स्वच्छ, शांत वाटत होतं, पहाटे देवघरात बसल्यासारखं. घड्याळ लावलं होतं त्याने: एकेचाळीस सेकंद. सतरा सत्ते १०९ लिहिलं होतं. ११९ हवं. तो पाढा मी झोपेतही चुकत नाही. दाबाखालच्या नायट्रोजनने येणारी गुंगी ती हीच, आणि आपल्याला ती आली आहे हे आपल्याला मुळीच कळत नाही. पाटीवरचा तो आकडा बघून मी सगळ्यात जास्त घाबरले, भिंतीच्या काळोखाला नव्हे. थोडं वर आलं की ती उतरते. पंचविसावर आले तेव्हा चूक मलाच दिसली.

परतताना भिंतीच्या कडेने तिरपं वर. मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेग नको, आपल्याच बुडबुड्यांच्या पुढे जायचं नाही. अठरा मीटरवर एका कपारीत पांढऱ्या टोकाच्या पंखाची मुशी पडून होती, आम्हाला बघूनही हलली नाही. बारावर एक कासव भिंतीतून काहीतरी ओरबाडून खात होतं. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो, अंगात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला. एकूण छत्तीस मिनिटं, सिलिंडरात ५५ बार शिल्लक.

उरलेल्या तीन डाइव्ह, त्यांत तरंगण्याचा तोल आणि माशांची ओळख, ३० तारखेला झाल्या. विमानाआधी निदान अठरा तास कोरडे हवेत. मी जहाजाने १ फेब्रुवारीला कोचीला पोहोचले आणि २ला विमानाने इंदूर, त्यामुळे काळजी नव्हती. एकूण खर्च साधारण १,१२,००० रुपये. त्यात कोर्स २८,०००, डाइव्हिंग विमा ६,५००, स्वतःचा मास्क ३,६००, बाकी राहणं, जेवण, गाडी, जहाज, विमान. मास्क स्वतःचा घ्या, चेहऱ्याला बसतो की नाही ते दुकानात पट्टा न लावता नाकाने श्वास ओढून पाहा. बाकी सगळं भाड्याने मिळतं.

गेल्या आठवड्यात रक्तदाब दाखवायला त्याच हृदयरोगतज्ज्ञांकडे गेले होते. फोटो पाहिले, किती खोल, किती वेळ, दम लागला का, सगळं विचारलं. मग टेबलाचा खण उघडून मी नेलेलं ते छापील पान काढलं. त्यांनी ते जपून ठेवलं होतं. म्हणाले, ‘याची आणखी एक प्रत मिळेल का? कालच एक जण असाच फॉर्म घेऊन आले होते, वय ४८.’ दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना दोन प्रती देऊन आले.